मोठ्या खडपाच्या पायऱ्या

१

दाणाबाजार मशीद बंदरातून वाशीला आला तेव्हा आम्हीही त्याच्या मागोमाग आलो. बाजार जाईल तिथं हमालानं जायचं, यात विचारण्यासारखं काही नसतं. कोपरखैरण्याला खोल्या मिळाल्या. माझ्या दारासमोर जोतीरामचं दार. तो कोरेगावकडचा, मी वाईकडचा. पण आमची जोडी लागली ती मुंबईतच, दोघांच्याही मिशा काळ्या होत्या तेव्हा.

काम रोजचं आणि एकाच तऱ्हेचं. ट्रकवर जोतीराम. खाली मी, डोक्यापाठीवर गोणपाटाची खोळ घेऊन वाकलेला. तो वरून पोतं सरकवायचा. ते पाठीवर नीट बसलं की पोत्यावर एक थाप मारायचा. थाप पडल्याशिवाय मी पाऊल उचलायचो नाही, आणि पडली की गोदामाकडं चालायला लागायचो. मागं कोण आहे हे बघायची सोय नसते. पाठीवर पोतं असलं की मान वळत नाही. माणसाला दिसतात ते आपले पाय आणि पुढच्याचे पाय. मी बाजारातली माणसं पायांवरूनच ओळखली. चेहरे दिसायचे चहाच्या वेळी.

जोतीरामचा डावा पाय तर मी कुठंही ओळखला असता. हातगाडीच्या चाकाखाली त्याची करंगळी सापडली होती, ती बाहेरच्या अंगाला वळून तशीच बसली.

"ही माझी करंगळी सिग्नल देती," तो म्हणायचा. "वळायचं नसलं तरी देती."

दिवसभर तो वरून बोलायचा आणि मी खालून हं म्हणायचो. आमच्या दोस्तीत याहून जास्त काही नव्हतं. कमीही नव्हतं.

२

साल पंच्याण्णव असावं. व्यापाऱ्यांनी दोन दिवस बाजार बंद ठेवला. आमच्या शेटजींचं एका बेटावर दोन खोल्यांचं विश्रामघर होतं. शेटजी मनानं बरे. म्हणाले, "टोळी घेऊन जा बाजीराव, मजा करा." बाजीराव आमचा मुकादम. आम्ही सहाजण तांदूळ, मटण, टोप, ताडपत्री असा संसार घेऊन दिवाळे गावच्या धक्क्यावर गेलो आणि तुळशीराम कोळ्याच्या होडीत बसलो.

खाडी संपून पाणी मोकळं होतं, त्याच्याही पुढं ते बेट. तुळशीराम त्याला मोठं खडप म्हणायचा. खालून बघितलं तर नुसता काळा दगड, वर थोडी झाडी, झाडीत पांढरं घर. धक्क्यापासून घरापर्यंत दगडी पायऱ्या.

चढताना मी सवयीनं खाली बघत होतो. पाठीवर टोपलं होतं. तिसऱ्या-चौथ्या पायरीला मला काहीतरी खटकलं. पायऱ्या मधोमध झिजल्या होत्या. झिजणारच, दगड जुना होता. पण हमालाच्या पायाखाली पायरी झिजते ती वेगळी. ओझ्याचा माणूस टाच टेकवत नाही, पंजा पसरून सगळा भार पुढं देतो. पायरीची पुढची कड ताटलीसारखी खोल जाते. मशीद बंदराच्या जुन्या गोदामांत मी तशा पायऱ्या बघितल्या होत्या, पण इतक्या खोल गेलेल्या तिथंही नव्हत्या.

मी तुळशीरामला विचारलं, "हितं पूर्वी मालाचं बंदर होतं का हो?"

"कसला बंदर? हितं कवाच काय नव्हता. घर पन आत्ताचा हाय."

"मग या पायऱ्या?"

"पायऱ्या हायेत," तो म्हणाला, आणि दोर बांधायला लागला.

संध्याकाळी मटण शिजेपर्यंत जोतीराम मला खाली घेऊन गेला. ओहोटी लागली होती. धक्क्याच्या बाजूनं पायऱ्या तशाच पुढं पाण्यात उतरत होत्या. पाणी मागं हटलं तशा आणखी काही उघड्या पडल्या. त्याही झिजलेल्या, कडेला शेवाळ, पण मधला भाग घासल्यासारखा स्वच्छ.

जोतीराम शेवटच्या पायरीवर बसला, पाण्यात पाय सोडले आणि कितीतरी वेळ बोलला नाही. हे मला नवीन होतं. मग म्हणाला, "ज्ञान्या, हितं कुनीतरी लई काम केलंय."

"दिसतंय खरं."

"आपलं आयुष्य गेलं, पन एक पायरी अशी झिजली न्हाई आपल्याच्यानं."

त्याच्या बोलण्यात हसणं नव्हतं. देवळात गेल्यावर माणसाचा आवाज होतो तसा आवाज होता.

३

दुसऱ्या दिवशी न्याहारी झाल्यावर मी घरामागच्या टाक्यावर भांडी घासत बसलो. मला ते काम आवडतं; भांड्यांच्या खणखणाटात दुसरं काही कानावर येत नाही. तुळशीराम दुपारी येणार होता. तो आल्याची हाळी ऐकली तेव्हा मी सगळी भांडी मोठ्या टोपात भरली, उरलेला तांदूळ त्यातच ठेवला, ताडपत्रीत बांधलं आणि गाठोडं पायऱ्यांच्या तोंडाशी ओढत आणलं. एकट्यानं पाठीवर घेण्यासारखं ते नव्हतं.

ऊन डोक्यावर होतं. मी वाकलो आणि म्हणालो, "जोत्या, हात लाव."

गाठोडं पाठीवर आलं. नेहमीसारखं आलं, मणक्याच्या दोन्ही बाजूंना सारखं. मग त्यावर थाप पडली. मी उतरायला लागलो. मागं पावलं वाजत होती. मी काहीतरी बोललोही, टोपाला करपट वास राहिलाय असं काहीसं. उत्तर आलं नाही.

खाली बाजीराव होडीपाशी उभा होता. "ज्ञानू, जोत्या कुठाय रं?"

"हा काय मागं."

"कुठं मागं?"

मी गाठोडं उतरवलं, कंबर सरळ केली आणि वळून बघितलं. पायऱ्या वरपर्यंत मोकळ्या होत्या. उन्हात दगड नुसते चमकत होते.

"न्याहारीपासून हाका मारतोय त्याला," बाजीराव म्हणाला. "सगळं बेट पालथं घातलं. तू कुठं झोपला होतास?"

"आत्ता त्यानंच ओझं दिलं मला."

बाकीच्यांनी एकमेकांकडं बघितलं. ते सगळे खालीच होते. वर माझ्याशिवाय कुणी नव्हतं.

आम्ही पुन्हा शोधलं. बेट एवढंसं; एक विडी संपेपर्यंत सगळं फिरून होईल. धक्क्याआड, पाण्यालगतच्या पायरीवर त्याचा सदरा सापडला. घडी घालून ठेवलेला, वर दगड. चप्पल शेजारी. पिशवी घरात, पैसे पिशवीत. फक्त त्याची गोणपाटाची खोळ नव्हती. रात्री अंथरायला म्हणून त्यानं ती आणली होती.

माणूस पोहायला गेला तर गोणपाट घेऊन जात नाही. पळून गेला तर चप्पल टाकून जात नाही. हे मला तेव्हाच वाटलं. पण मी गप्प राहिलो, कारण सगळे माझ्याकडं बघत होते.

४

त्यानंतर बाजारात दुसरा विषय नव्हता. पोलिसांनी दोन-चार वेळा बोलावलं, लिहून घेतलं, सोडलं. चहाच्या टपरीवर मात्र तपास रोज चालायचा.

बाजीरावचं म्हणणं, बेटापलीकडं चोरीच्या मालाची लाँच लागली असणार. "त्यानं बघितलं. त्यांनी उचलला. संपला विषय."

एकजण म्हणाला, उरणकडं त्याची बाई असेल. दुसरा म्हणाला, "जोत्याची? त्याची करंगळीसुदा बायकूला इचारून वळती." सगळे हसले. मीही हसलो, मग वाईट वाटलं.

तिसरं म्हणणं माझ्यासमोर कुणी बोललं नाही, पण मी आलो की टपरीवर शांतता व्हायची. शेवटी त्याच्याजवळ मी होतो. हे माझंच म्हणणं होतं ना, की ओझं त्यानं दिलं.

मी स्वतःशी सावकाश विचार केला. घाई करून डोकं चालत नाही. पहिली गोष्ट, तो समुद्रात पडला असेल. मग सदऱ्यावर दगड कुणी ठेवला? त्यानंच, आंघोळीला जाताना. ठीक. मग मला ओझं कुणी दिलं? कदाचित कुणीच नाही. पायऱ्यांच्या तोंडाशी बुटका कठडा होता. मी गाठोडं त्यावर टेकवून स्वतःच पाठीवर घेतलं असेल. थापेची तर पाठीला इतक्या वर्षांची सवय, ती न पडताही लागली असेल. दाढ काढल्यावर जीभ तिथंच जाते तसं. हे पटण्यासारखं होतं. गोदामात मी ओट्यावर गोणी टेकवून एकट्यानं घेऊन बघितली. येत होती. पण ती एका बाजूला कलंडत होती, आणि थाप काही केल्या लागत नव्हती.

जोतीरामची बायको मालतीबाई या सगळ्यात गप्प होती. कुंकू लावायची, पाणी भरायची, दार उघडं ठेवायची. आठ-नऊ महिने गेले तसा गावाहून तिचा दीर दिनानाथ आला. माणूस वाईट नव्हता. गावाकडच्यांनी त्याला सांगून पाठवलं होतं की देह मिळत नाही तर दर्भाचा पुतळा करून अग्नी द्या, दिवस करा, त्याला मोकळं करा. आणि तिलाही.

"वहिनी, लोक काय काय बोलत्यात," तो म्हणाला. "हे मिटवलेलं बरं."

"पुतळा जाळला आन् ते जिते असले तर?"

"जिता असता तर आला नसता?"

ती माझ्याकडं वळली. "दादा, त्यांचा हात तुमच्या पाठीला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. तुमी सांगा. तो हात त्यांचाच होता का? त्यांचा असंल तर मी कुंकू पुसणार न्हाई. नसंल तर भावजी म्हनत्यात तसं करू द्या."

दिनानाथनं माझ्याकडं बघितलं. माझ्या एका शब्दावर त्या बाईचं कपाळ होतं. मला शब्द सापडेना. हो म्हणालो आणि तो गेलेला असला, तर तिला जन्मभर दाराकडं बघत बसवल्याचं पाप. नाही म्हणालो आणि तो असला, तर जित्या माणसाला अग्नी.

"मला एकदा तिथं जाऊन येऊ दे, वहिनी," एवढंच म्हणालो.

"मी येते," ती म्हणाली.

५

तुळशीरामनं आम्हाला खडपाला सोडलं तेव्हा ऊन चढलं होतं आणि पाणी पार खाली गेलं होतं. पायऱ्या पाण्यात शिरताना दिसत होत्या, आणि पाण्याखाली आणखी, हिरव्या होत गेलेल्या.

"तुमी जा," तो म्हणाला. "मी होडीतच बसतो. दुपारचा आमी वर नाय जात."

"का?"

"का म्हंजे काय. काय नाय. फकस्त मदी उभं रावू नका. बाजूला उभं रावा."

आम्ही वर गेलो. घराला कुलूप होतं. मालतीबाईला मी ओझं घेतलं ती जागा दाखवली. ती दोन पायऱ्या खाली, कडेला, कठड्याला टेकून उभी राहिली, माझ्याकडं तोंड करून. मला काय करायचं ते ठाऊक नव्हतं. म्हणून जे येतं ते केलं. वाकलो, गुडघ्यांवर हात ठेवले आणि थांबलो.

बराच वेळ काही झालं नाही. माझं मलाच हसू यायला लागलं. म्हातारा माणूस उन्हात रिकाम्या पाठीनं वाकून उभा आहे. म्हटलं, आता सरळ व्हावं आणि तिला सांगावं, वहिनी, माझी चूक झाली, कुणी नव्हतं.

तेवढ्यात समुद्राचा आवाज बंद झाला. कमी झाला असं नाही, बंद झाला. गोदामाचं शटर पडल्यावर आत रस्त्याचा आवाज जसा बंद होतो. मग मागून श्वास ऐकू आला. ओझ्याखालच्या माणसाचा श्वास मी ओळखतो; तो नाकातून आखूड जातो आणि तोंडातून सुटतो. पण हा एकाचा नव्हता. कितीजणांचा, ते सांगता येणार नाही. सगळे एका लयीत होते.

मी मान वळवली नाही. वळली नसती.

माझ्या बाजूनं पाय उतरायला लागले.

अनवाणी पाय, ओले, पंजे पसरलेले. एकामागून एक, मधे फट नाही, ढकलाढकल नाही. प्रत्येक पाय त्या झिजलेल्या जागी बरोबर पडत होता, जणू ती जागा त्याच्यासाठीच कोरली होती. काही पाय म्हातारे होते, शिरा वर आलेले. काही अगदी कोवळे. काही पायांत कसले कसले वाळे होते, तसे मी कुणाच्या पायांत कधी बघितले नाहीत. ते पाय कुठल्या मुलखाचे, कुठल्या काळाचे, मला कळलं नाही. पण ओझं खरं होतं. बोटं पांढरी पडत होती. इतकं ओझं मी कधी उचललं नाही, आणि उचललेलं बघितलंही नाही. तरी एकही पाय थरथरत नव्हता.

भीती वाटली का, असं कुणी विचारलं तर काय सांगू. भीती होतीच. पण तिच्या वर दुसरं काहीतरी होतं. आयुष्यभर मी हेच काम केलं, पण ते इतकं मोठं असू शकतं हे मला माहीत नव्हतं.

मग ती करंगळी आली. बाहेरच्या अंगाला वळलेली.

तो पाय माझ्याशेजारच्या पायरीवर पडला, आणि त्याच वेळी माझ्या पाठीवर पंजा टेकला. नुसता टेकला. ओझं बसलंय का ते चाचपतात तसा. पाठ रिकामी होती. पंजा तेवढ्यातच उचलला गेला आणि पाय पुढं उतरले, मागच्यांना जागा करून देत. डोळ्यांतलं पाणी पायरीवर पडलं, ते मला दिसलं.

पाय खाली पाण्यापर्यंत गेले आणि पाण्यात शिरताना कसलाही आवाज झाला नाही. तिथंच ते संपले असं मला वाटत नाही.

समुद्र पुन्हा वाजायला लागला तेव्हा मी सरळ झालो. मालतीबाई कठड्याला अंग चोरून उभी होती, बाजारात गाडी निघताना बायका उभ्या राहतात तशी. तिनं डोक्यावरून पदर घेतला होता, कपाळापर्यंत. गावातली जाणती माणसं समोरून जातात तेव्हा घेतात तसा.

मी पाय बघितले होते. ती उभी होती तिथून तिला पाय दिसले नसणार. तिला वरचं दिसलं असणार.

आम्ही एकमेकांना काही विचारलं नाही. खाली आल्यावर तुळशीरामनं आमच्या तोंडाकडं बघितलं आणि पाण्याचा तांब्या पुढं केला.

६

दुसऱ्या दिवशी दिनानाथ दर्भ घेऊन आला. भटजीला सांगून ठेवलं होतं. चटईवर दर्भ पसरून तो पुतळा बांधायला बसणार, एवढ्यात मालतीबाई आतून आली. कपाळावर ताजं कुंकू होतं.

"भावजी, ते गुंडाळून ठिवा."

"आता काय झालं?"

"कामावरच्या मानसाचे दिवस घालत्यात व्हय?"

दिनानाथनं हातातला दर्भ खाली ठेवला. "कसल्या कामावर? कुठं? वहिनी, डोकं ठिकाणावर हाय न्हवं?" मग माझ्याकडं वळला. "ज्ञानूदादा, तुमी तरी सांगा काय ते."

मला एवढे दिवस न सापडलेला शब्द त्या वेळी अगदी सहज आला.

"हात त्याचाच होता," मी म्हणालो.

"मग मानूस कुठाय?"

"कामावर."

त्यानं आम्हा दोघांना वेडे ठरवलं असेल, ठरवू दे. मालतीबाईनं त्याला जेवू घातलं, वाटेला भाकरी बांधून दिली. तो दर्भाची जुडी काखेत घेऊन एस्टीला गेला. पुढं गावातल्या लोकांनी तिला बोल लावले, बाजारात कुजबुज झाली. तिनं कुंकू पुसलं नाही, आणि दाराकडं बघत बसणंही सोडलं.

त्या संध्याकाळी ती उंबऱ्यावर बसून तांदूळ निवडत होती. मी माझ्या दारात. शेवटी माझ्याच्यानं राहवलं नाही.

"वहिनी, त्यांच्या पाठीवर काय होतं?"

तिचा हात सुपात थांबला.

"ते मला सांगता यायचं न्हाई, दादा. नाव न्हाई त्याला. पन जपून न्हेत होते. झोपल्यालं लेकरू दुसऱ्याच्या हातात देत्यात का न्हाई, तसं."

"आणि जोत्यानं बघितलं तुला?"

"बघितलं की. डोळ्यात डोळा घालून बघितलं." तिनं एक खडा वेचून बाजूला टाकला. "थांबले न्हाईत."

मग माझ्याकडं न बघता तिनं विचारलं, "थांबता येत नसंल न्हवं, तसलं ओझं असताना?"

"नाही येत, वहिनी," मी म्हणालो.

तिनं मान हलवली आणि पुन्हा तांदूळ निवडायला लागली.